चौदा जागा, सदतीस चेहरे

"बेन, आपल्याकडे माणसं किती?" कांतीभाईंनी फोनवर विचारलं.

"अठरा," मी म्हटलं. अकरा वर्षं दर महिन्याला तो आकडा मीच लिहीत होते.

"मशीन म्हणतंय एकेचाळीस."

"मशीन नवीन आहे. बिघडलं असेल."

"मी पण चिंतनला तेच बोललो. तो म्हणतो, पप्पा, मशीनकडे फोटो आहेत."

मी गाडी काढली.

कांतीभाईंचा फुग्यांचा कारखाना तलासरी तालुक्यात आहे, गुजरातच्या सीमेला लागून, वेवजीच्या थोडं अलीकडे. रबराच्या चिकात रंग मिसळायचा, त्यात साचे बुडवायचे, सुकवायचे, फुगे उतरवायचे, एकेक तपासायचा आणि पन्नास-पन्नासची पाकिटं करायची. टाकी आणि साच्यांवर चार पुरुष. तपासणी आणि पॅकिंगच्या लांब टेबलावर चौदा बायका. मी डहाणूला स्टेशनजवळ बसणारी अकाउंटंट. अशा पंचवीसेक छोट्या उद्योगांचे पगार, कपाती आणि रिटर्न्स माझ्याकडे असतात. मोठ्या कंपन्यांना त्यासाठी अख्खं डिपार्टमेंट लागतं. छोट्यांना मी लागते, तीही उधारीवर.

'मशीन' म्हणजे दारावर बसवलेला एक टॅब. त्याला चेहरा दाखवला की हजेरी लागते. महिना संपला की त्याच्या पाठीमागचं सॉफ्टवेअर पगार काढतं, कर कापतं आणि स्लिप छापतं. कांतीभाईंचा मुलगा चिंतन पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला, तेव्हा त्याने पहिली खरेदी ही केली. जूनच्या एक तारखेला त्याचं उद्घाटन झालं. मंडप होता, बॅनर होता, तालुक्यातले एक पुढारी होते. टॅबला झेंडूचा हार घातला. तो हार कॅमेऱ्यावर आला, त्यामुळे पहिला अर्धा तास मशीनला कोणीच दिसलं नाही. पुढारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चाळीस मिनिटं बोलले. नैसर्गिक बुद्धिमत्ता समोर सतरंजीवर बसून जांभया देत होती. सॉफ्टवेअरच्या अहवालात ती चाळीस मिनिटं 'उत्पादक वेळ' या रकान्यात पडली, हे मी नंतर पाहिलं.

कारखान्यात पोचले तेव्हा चिंतन लॅपटॉप उघडून बसला होता. शेजारी कांतीभाई, घाम पुसत.

"मॅडम, डेटा क्लीन नाहीये," चिंतन म्हणाला.

मी यादी पाहिली. डेटा चांगला स्वच्छ होता. लखमी १, लखमी २, लखमी ३. जानी १, जानी २. सोनी १ ते ४. प्रत्येकीचा फोटो वेगळा, प्रत्येकीच्या हजेऱ्या वेगळ्या.

"ही नावं कोणी टाकली?"

सुपरवायझरला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "टॅब विचारायचा, नवीन कर्मचारी का? चेहरा नवीन असला तर मी हो दाबायचो. मग नाव मागायचा. मस्टरवर लखमी आहे, म्हणून लखमी टाकलं. तो म्हणाला हे नाव आधीच आहे. म्हणून पुढं आकडा टाकला."

"पण या तिघींतली खरी लखमी कोणती?"

"पहिली. दुसरी तिची जाऊ, सुंदरी. तिसरी नणंद, रमी."

"आणि आमच्याकडे कामाला कोण आहे?" कांतीभाईंनी विचारलं.

सुपरवायझरला प्रश्न कळला नाही. "लखमीची जागा आहे ना. त्यांच्यातली कोणीतरी येते."

मग लखमीलाच बोलावलं. चाळिशीची बाई, हाताला निळा रंग, कपाळावर वैताग. पॅकिंगचं टेबल सोडून यावं लागलं याचा.

"लखमीबाय," कांतीभाई म्हणाले, "तुझ्या नावावर तीन बायका येतात?"

"तीन एकदम कुठं येतात? एक येते. टेबलाला एकच जागा हाय."

"पण नाव तुझं आहे!"

"नाव माझा, जागा घरची. मला ताप आला तर काय जागा रिकामी ठेवू? तुमीच बोलले होते पहिल्या दिवशी, खाडा चालणार नाय."

कांतीभाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते खरोखर तसं बोलले होते. अकरा वर्षांपूर्वी, माझ्यासमोर. त्यांना म्हणायचं होतं की तू रोज ये. बायकांनी ऐकलं की रोज कोणीतरी यायला पाहिजे. आणि त्यांनी शब्द पाळला होता.

आता माझी लाज सांगते. त्या कारखान्याच्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, पुरुषांच्या पानावर गैरहजेरीच्या फुल्या भरपूर. बायकांच्या पानावर अकरा वर्षांत एकही नाही. चौदा बायका, महिन्याचे सव्वीसच्या सव्वीस दिवस. कोणी आजारी नाही, कोणाच्या घरी लग्न नाही, कोणाला मूल झालं नाही. आणि मी ते पान दुसऱ्या क्लायंट्सना दाखवत असे, बघा याला म्हणतात रेकॉर्ड.

कारखान्याला ईएसआय लागू होता. दहा माणसं झाली की ही कामगार विमा योजना लागते. मालक आणि कामगार दोघांनी थोडे थोडे पैसे भरायचे, आणि कामगाराला दवाखाना. लखमीच्या कार्डावर घरातल्या तिघी औषध घेऊन येत. मी नंतर ते कागद मागून बघितले. लखमीचं वजन मे महिन्यात अकरा किलोने घटलं होतं आणि जूनमध्ये पुन्हा तेवढंच वाढलं होतं. वयात नऊ वर्षांचा फरक पडला होता. कोणीतरी पेनाने बाजूला एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. एवढंच.

"आता काय करायचं, बेन?"

"सगळ्यांना खऱ्या नावाने घ्यायचं. जी ज्या दिवशी येते, तिच्या नावावर तो दिवस."

"म्हणजे एकेचाळीस माणसं."

"हो. आणि वीस माणसं झाली की पीएफ." भविष्य निर्वाह निधी हे नाव सर्वांना माहीत असतं, पण थोडक्यात सांगते. पगाराचे बारा टक्के कामगाराचे कापायचे, साधारण तेवढेच मालकाने घालायचे, वर थोडा व्यवस्थापन खर्च. सगळं कामगाराच्या खात्यात साठतं. कांतीभाईंनी सतरा, अठरा, एकोणीस हे आकडे आयुष्यभर मोठ्या मायेने सांभाळले होते. विसाव्या माणसाची त्यांना लोक विंचवाची घेतात तशी धास्ती होती.

"किती जातील?"

"मालकाचा वाटा तीस हजारांच्या आसपास. दर महिन्याला."

"एकेचाळीस माणसांचे?"

"नाही, अठरा माणसांच्या पगाराचे. पैसे चेहऱ्यांवर लागत नाहीत, पगारावर लागतात. पगार तेवढाच आहे."

"पण रोज टेबलावर चौदाच असतात! पंधरावी कधी पाहिली मी?"

"हे तुम्ही पीएफच्या साहेबांसमोर म्हणून बघा. तुमच्याच टॅबमध्ये सदतीस बायकांचे फोटो आहेत, वेळेसकट. फोटो काढायचे पैसेही तुम्हीच दिलेत."

चिंतन इतका वेळ टाइप करत होता. त्याने मान वर केली. "सिंपल आहे. एक जागा, एक चेहरा. बाकीचे तेवीस ब्लॉक. टॅब त्यांना आत घेणारच नाही. हेडकाउंट अठरा."

"आणि त्या तेवीस जणी?"

"त्या आपल्या रोलवर कधी नव्हत्याच, मॅडम."

मी म्हटलं, हे चुकतंय. कांतीभाई म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. लिहून दिलेलं कोणी वाचत नाही, पण आपल्याला झोप चांगली लागते.

पाच दिवसांनी लखमी माझ्या ऑफिसात आली. बरोबर रमी, तिची नणंद. वय एकोणीस, तलासरीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. नयना, माझी असिस्टंट, त्या दिवशी नव्हती. तिची बहीण टेबलावर होती, तिने चहा आणून दिला.

लखमीने स्लिप पुढे केली. "दोनशे रुपये कोणी घेतले?"

जूनचा पगार. तिघींच्या हजेऱ्या चिंतनने एकत्र करून लखमीच्या नावावर टाकल्या होत्या. चारशे ऐंशीने सव्वीस दिवस, बारा हजार चारशे ऐंशी. त्यातून ईएसआय नेहमीचा, आणि खाली 'व्यवसाय कर २००'.

हा कर राज्य घेतं, आणि प्रत्येक राज्याचा दर वेगळा. महाराष्ट्रात महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला तो नाही. मग कापला कोणी? मी चिंतनला फोन लावून सेटिंग वाचायला लावलं. सॉफ्टवेअरने बसवताना टॅबला विचारलं होतं, तू कुठे आहेस? तिथे मोबाईलला सीमेपलीकडचा टॉवर आधी सापडतो. आम्हा सगळ्यांनाच त्या वळणावर गुजरातच्या स्वागताचा मेसेज येतो आणि दोन मिनिटांनी परत महाराष्ट्राचा. टॅबला पहिलं स्वागत जास्त आवडलं. त्याने कारखाना गुजरातेत नेऊन ठेवला आणि तिथला कर कापला. शिवाय सगळ्या बायकांपुढे 'लिंग' या रकान्यात 'पुरुष' होतं, कारण तो रकाना कोणी भरलाच नव्हता. म्हणून ज्या वाचकांचं दुकान किंवा कारखाना हद्दीवर आहे त्यांनी राज्याचा रकाना स्वतःच्या हाताने भरावा. कामगार कुठे राहतो हे बघायचं नसतं, काम कुठे करतो ते बघायचं. आणि बाई बाई आहे की नाही हे मशीनवर सोडू नये.

"दोनशे परत मिळतील," मी म्हटलं.

"ते मिळतीलच," लखमी म्हणाली. ती त्यासाठी आली नव्हती. तिने रमीला कोपराने ढोसलं. "सांग बाईंना."

"मॅडम, मी महिन्यात सहा दिवस जायचे," रमी म्हणाली. "शनिवारी वगैरे, आणि कॉलेजला सुट्टी असेल तेव्हा. त्यात माझी फी आणि एसटीचा पास निघतो. आता टॅब मला 'अनोळखी व्यक्ती' म्हणतो."

"इतके दिवस ओळखीची होती," लखमी म्हणाली. "आता फोटो काढल्यावर अनोळखी झाली."

"पण सहाच दिवस हे तुम्ही कसं ठरवता? हिशेब कुठे असतो?"

लखमीने पिशवीतून एक दोरी काढली. दोरीत फुगे ओवलेले होते. भोक पडलेले, तपासणीत बाद झालेले. लाल, पिवळे, निळे.

"लाल माझे, पिवळे सुंदरीचे, निळे हिचे. जी जाईल ती येताना आपला एक आणते आन् ओवते. पगाराला मोजायचे. मग नवीन दोरी."

मी मोजले. अकरा लाल, नऊ पिवळे, सहा निळे. समोर टॅबच्या यादीची प्रिंट होती, चिंतनने एकत्र करण्याआधीची. लखमी १: अकरा. लखमी २: नऊ. लखमी ३: सहा.

"सगळ्यांच्या घरी आहेत अशा दोऱ्या?"

"मंग? भांडणं नको व्हायला?"

मी दोरी टेबलावर ठेवून घेऊ का विचारलं. ती म्हणाली, जुनी हाय, ठेवा.

कांतीभाईंना फोन करून मी रमीबद्दल सांगितलं. ते हळवे झाले. माणूस वाईट नाही. पण तीस हजार हा आकडा त्यांच्या आणि हळवेपणाच्या मध्ये उभा होता. "बेन, पंधरा ऑगस्टची ऑर्डर जाऊ द्या. मग बघू."

ऑर्डर मोठी होती. केशरी, पांढरा, हिरवा, तीन रंगांचे सारखे फुगे. महिनाअखेर माल निघायला हवा. केशरी झाला, पांढरा झाला. हिरव्याचा चीक टाकीत कालवला त्याच आठवड्यात गावोगाव लावणी सुरू झाली.

भाताची रोपं उपटून चिखलात लावायची ती लावणी. ती कोणासाठी थांबत नाही. पूर्वी लावणीतही टेबलावर चौदा बायका असायच्या. आज जी लावणीला ती उद्या टेबलावर, आणि उलट. आता चौदाच चेहऱ्यांना परवानगी होती, आणि त्या चौदा जणी घरातल्या कर्त्या बायका. कर्त्या बाईशिवाय लावणी होत नाही. सोमवारी टॅबवर पाच बायका आल्या. मंगळवारी तीन. बुधवारी एक आली, आणि तीही विचारायला की उद्या नाही आलं तर चालेल का.

दाराबाहेर मात्र जावा, नणंदा, सुना उभ्या. टॅबसमोर एकेकीने चेहरा धरायचा. तो म्हणायचा, अनोळखी व्यक्ती. मागच्या हसायच्या. मग पुढची. कामावर घेत नाहीत, तर निदान करमणूक तरी.

कालवलेला चीक असाच पडून राहिला की घट्ट होत जातो. मग त्याचे फुगे होत नाहीत. साच्यांवरचे चार पुरुष फुगे बनवत होते, पण उतरवून तपासायला कोणी नाही, म्हणून साचे रिकामे होत नव्हते, म्हणून टाकी भरलेली.

बुधवारी दुपारी कांतीभाईंचा फोन आला. आवाज बसलेला. "बेन, दोन तृतीयांश झेंडा तयार आहे."

मी गेले. टॅबच्या बाजूला भिंतीला टेकून लखमी उभी होती, पायाला चिखल. शेतावरून तशीच बोलावून आणली होती.

"लखमीबाय, उद्या सगळ्या येतील?" कांतीभाईंनी विचारलं.

"कोण सगळ्या?"

"तुमच्या घरच्या. कोणी पण."

"अनोळखी चालतील?"

चिंतनने लॅपटॉपकडे पाहिलं. कांतीभाईंनी चिंतनकडे पाहिलं. "चिंतन, ते ब्लॉक काढ."

"पप्पा, काढलं की हेडकाउंट एकेचाळीस. पीएफ."

"टाकीत किती रुपयांचा चीक आहे, माहीत आहे?"

चिंतनला माहीत नव्हतं. तो रकाना सॉफ्टवेअरमध्ये नव्हता.

लखमी मात्र एवढ्यावर हलली नाही. "आता काढाल. माल गेला का परत लावाल."

"नाही लावणार."

"बाई, तुमी लिवून घ्या," ती मला म्हणाली. कारखान्यात लिहायला सांगणारी ती दुसरी व्यक्ती, आणि लिहिलेलं वाचून घेणारी पहिली. दाराबाहेर उभ्या असलेल्या रमीने ते तिला दोनदा वाचून दाखवलं.

मग पीएफची गोष्ट निघाली. मी सांगितलं की तुमचेही बारा टक्के कापले जातील. लखमीचा चेहरा बदलला.

"आमचे पण?"

"तुमच्याच खात्यात. मालकही त्यात घालणार."

"कोणाच्या खात्यात? लखमीच्या?"

"नाही. लखमीच्या अकरा दिवसांचे लखमीच्या, सुंदरीच्या नऊ दिवसांचे सुंदरीच्या, रमीच्या सहा दिवसांचे रमीच्या."

तिने एका पायाचा चिखल दुसऱ्या पायाने खरवडला. मग म्हणाली, "सुंदरीचं खातं तिच्या नवऱ्याला दिसंल?"

"नाही."

"मंग लावा."

गुरुवारी सकाळी टेबलावर चौदा बायका होत्या. शुक्रवारीही. हिरवा रंग जेमतेम वेळेत उरकला, आणि शेवटची पेटी टेम्पोत चढली तेव्हा टाकीच्या तळाला राहिलेला चीक खरवडून काढावा लागला. झेंडा पूर्ण गेला.

सदतीस बायकांची आधार कार्डं गोळा करायला मला तीन आठवडे लागले. चार पुरुषांचं एका दुपारी झालं. पुरुषाच्या जागेवर घरातलं दुसरं कोणी येत नाही. तो आला नाही तर आला नाही. ईएसआयच्या मागच्या चुकीबद्दल आम्ही ऑफिसला आपण होऊन कळवलं. ती फाइल अजून चालू आहे, आणि त्यात माझी सही अकरा वर्षं कुठे कुठे आहे ते मला पाठ झालं आहे. पीएफ सुरू झाला. त्याचा कांतीभाईंना वाटलं होतं तितका त्रास झाला नाही. त्यांना खरा धक्का सॉफ्टवेअरच्या बिलाने बसला. ते माणशी आकारणी करतं, अठराच्या जागी एकेचाळीस.

"सरकारला देतो ते ठीक," ते म्हणाले. "ह्या चेहऱ्यांचं भाडं कशाला?"

ऑगस्टमध्ये दोन दिवस वीज नव्हती आणि टॅब बंद. महिनाअखेर टॅबने रमीचे चार दिवस दाखवले. दोरीवर पाच निळे होते. मी पाच लिहिले. तेव्हापासून सगळ्या घरांच्या दोऱ्या दर महिन्याला माझ्याकडे येतात आणि ऑफिसातल्या खिळ्यांना टांगलेल्या असतात. येणारा प्रत्येक क्लायंट विचारतो, कोणाचा वाढदिवस?

छोट्या उद्योजकांना मी आता एवढंच सांगते. पगाराचं सॉफ्टवेअर जरूर घ्या, पण ते काय काय करतं हे विकणाऱ्याला विचारण्याआधी आपल्याकडे काय काय चालतं हे सुपरवायझरला विचारा. आणि ज्या मस्टरमध्ये वर्षानुवर्षं एकही खाडा नाही त्याचं कौतुक करण्याआधी एकदा टेबलापाशी जाऊन चेहरे मोजा.

परवा कांतीभाई डहाणूला आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "बेन, तुम्ही पण एक टॅब बसवा की ऑफिसात. हजेरी पक्की राहते."

"माझ्याकडे एकच माणूस आहे," मी म्हटलं. "नयना."

"ही नयना?" त्यांनी चहा आणणाऱ्या मुलीकडे बघून विचारलं.

"नाही. नयना आज लग्नाला गेली आहे. ही तिची बहीण."